ओट्याचा हिशेब : पहिल्या घराचे स्वयंपाकघर आणि वाचकांचे प्रश्न

पहिले घर घेणाऱ्या वाचकांची स्वयंपाकघराच्या खर्चाविषयीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत. दर जागोजागी आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून उत्तरांत रकमा नाहीत. मापे, नग आणि प्रमाण मात्र आहे. दर तुमचे तुम्ही घाला.

प्रश्न : पहिलंच घर घेतोय. डाउन पेमेंट आणि नोंदणीचा खर्च गेल्यावर हातात फार काही उरणार नाही. "घराच्या किमतीच्या पाच ते दहा टक्के स्वयंपाकघराला धरा" असं जो तो सांगतो. हे कितपत खरं? आणि तेवढे पैसे गृहकर्जातच वाढवून घेतले तर?

हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, म्हणून तो फिरतो. घराच्या किमतीत मोठा वाटा वस्तीचा असतो, आणि प्लायच्या शीटला किंवा बिजागरीला तुमची वस्ती कळत नाही. महागड्या भागातले ८ फुटांचे स्वयंपाकघर आणि शहराबाहेरचे ८ फुटांचे स्वयंपाकघर यांना सामान तेवढेच लागते. टक्केवारीने गेलात तर पहिल्याचा आकडा उगाच फुगतो आणि दुसऱ्याचा अपुरा पडतो.

त्यापेक्षा दोन टोकांनी हिशेब करा. वरून यायचे ते हातातल्या पैशांकडून. ताबा मिळाल्यावर जी रक्कम उरेल तिच्यातून सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च आधी बाजूला काढा. काही महिने भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागणार असतील तर तेही काढा. सामान हलवण्याची मजुरी, पंखे, दिवे, कुलपे, पडदे, गीझर ही किरकोळ वाटणारी यादीही वजा करा. ती किरकोळ नसते. मग जे राहील ते स्वयंपाकघराचे. खालून यायचे ते मापाकडून : ओट्याची लांबी, खालच्या आणि वरच्या कपाटांची संख्या, नळाचे आणि विजेचे पॉइंट. हे दोन आकडे जुळले तर उत्तमच. नाही जुळले तर काम टप्प्यांत करायचे. त्याविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहे.

खालून येताना वाटणी कशी धरावी? फ्रिज आणि डिशवॉशर सोडून बाकीची रक्कम १०० धरली, तर सुरुवातीला साधारण अशी धरा : तोडफोड, नळकाम, वायरिंग यांना २०, ओट्याचा दगड, सिंक, नळ आणि टाइल्सना १५, कपाटांचे सांगाडे आणि शटर (म्हणजे कपाटांची दारे) यांना ३०, बिजागऱ्या, ट्रॉल्या (म्हणजे ओढून बाहेर काढायचे खण) आणि त्या ज्यांवर सरकतात ते चॅनल यांना १२, शेगडी आणि चिमणीला १०, वाहतूक आणि बसवणुकीला ३, आणि १० कशालाच नाही. हे शेवटचे १० तोडफोडीनंतर भिंतीतून जे निघेल त्यासाठी. ही वाटणी काही शिलालेख नाही. पण एखादे कोटेशन हातात आले आणि त्यात नळकाम-वायरिंगला ५ च धरलेले दिसले, तर काहीतरी गाळले आहे हे तुम्हाला लगेच कळेल.

आता कर्जाचे. गृहकर्जाचा दर कमी असतो, म्हणून ते स्वस्त वाटते. उदाहरणादाखल १०० रुपये ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर एकूण सुमारे २१६ रुपये फेडावे लागतात. तेच १०० रुपये १४ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जाने ३ वर्षांत फेडले तर सुमारे १२३. दर जास्त असूनही ओझे कमी, कारण मुदत लहान. अर्थात महिन्याचा हप्ता पहिल्यात ९० पैसे आणि दुसऱ्यात जवळपास ३ रुपये ४२ पैसे, म्हणून झेपेल का ते आधी पाहा. गृहकर्जात वाढवून घेतलेच, तर तेवढी रक्कम पहिल्या तीन-चार वर्षांत आगाऊ भरून टाकता येईल का, हे बँकेला विचारून ठेवा. नाहीतर शटर बदलायची वेळ येईल तेव्हा जुन्या शटरचे हप्ते चालूच असतील.

प्रश्न : दोन कोटेशनं आली आहेत. एक रनिंग फुटावर, दुसरं चौरस फुटावर. दुसरं जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं कमी दिसतंय. ओटा एल आकाराचा आहे, एक बाजू १० फूट आणि दुसरी ६. स्वस्त कोणतं समजायचं?

एवढ्यावरून कोणतेच समजू नका. दोघे एकच वस्तू मोजत आहेत की नाही, हेच अजून ठरलेले नाही.

रनिंग फुटात नुसती लांबी मोजतात, चौरस फुटात लांबी गुणिले उंची. आधी कोपरा बघा. भिंतीलगत फीत धरली तर १० आणि ६ मिळून १६ फूट होतात. पण ओट्याची खोली २ फूट, म्हणजे कोपऱ्यातला २ बाय २ चा चौकोन दोन्ही बाजूंत मोजला गेला. कपाटे प्रत्यक्षात १० फूट आणि उरलेली ४ फूट, म्हणजे १४ फूटच बसतात. १६ चा दर लावला असेल तर दोन फूट हवेचे पैसे जातात. याची एक दुसरी बाजूही आहे. कोपऱ्यातले कपाट बनवायला खरोखर जास्त सामान आणि जास्त वेळ लागतो, म्हणून काही कारागीर मुद्दाम १६ धरतात. तसे असेल तर त्याने ते सांगावे, आणि मग कोपऱ्याच्या कपाटाचे वेगळे पैसे मागू नयेत.

मग उंची. ओटा जमिनीपासून साधारण ८५ सेंटिमीटर येतो, पण त्यातला कपाटाचा सांगाडा ७२ सेंटिमीटरच असतो. खाली १० सेंटिमीटर पायपट्टी आणि वर दगड. जमिनीपासून दगडापर्यंत मोजले तर १४ फुटांचे सुमारे एकोणचाळीस चौरस फूट होतात आणि नुसता सांगाडा मोजला तर तेहतीस. दर तोच असूनही बिलात सुमारे सहावा हिस्सा फरक पडतो. कुठे सांगाड्याचे आणि शटरचे चौरस फूट वेगवेगळे लावतात, कुठे एकदाच. "चौरस फूट" हा शब्द लिहिलेला असणे पुरेसे नाही, कशाचे ते लिहिलेले असले पाहिजे.

यावर उपाय एकच : दोघांकडूनही कपाटवार यादी मागा. प्रत्येक कपाटाची रुंदी, उंची, खोली, आत शटर की ट्रॉली, किती फळ्या, कोणते चॅनल. ६० सेंटिमीटरच्या साध्या कपाटाला एक फळी, एक किंवा दोन शटर आणि दोन-चार बिजागऱ्या लागतात. त्याच रुंदीत तीन ट्रॉल्या केल्या की तीन दर्शनी फळ्या, तीन तळ, तीन जोड चॅनल, तीन हँडल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, रनिंग फुटात दोन्ही दोनच फूट, पण खर्चात मोठी तफावत. कमी दिसणाऱ्या कोटेशनात बहुधा ट्रॉल्या कमी आणि शटर जास्त असतात. ते वाईट नव्हे, पण तुम्ही निवडलेले असावे.

बिजागऱ्या मोजायच्या असतील तर हा ठोकताळा : ९० सेंटिमीटर उंचीपर्यंतच्या शटरला दोन, १६० पर्यंत तीन, २०० पर्यंत चार. उंच शटरला दोनच लावल्या की सहा महिन्यांत ते खाली बसते आणि शेजारच्याला घासू लागते.

यादी आली की तिच्यात काय नाही ते शोधा. पायपट्टी, भिंत आणि कपाट यांमधल्या भरणीच्या पट्ट्या, टोकाच्या कपाटाची दिसणारी बाजू, हँडल, दगडाला सिंकचे आणि शेगडीचे भोक, दगडाच्या कडेचे पॉलिश, सामान वर चढवण्याची मजुरी, राडारोडा नेणे, कर. दगडाची कड तर नेहमी निसटते, कारण दगड चौरस फुटावर आणि कडेचे घासकाम रनिंग फुटावर मोजतात. एल ओट्याला पुढची कड १२ फूट, शिवाय उघड्या टोकाची २ फूट.

प्रश्न : बिल्डर ओटा, सिंक आणि टाइल्स लावून देतोय. आम्हाला सिंक खिडकीखाली हवं आहे आणि डिशवॉशर पुढे-मागे घ्यायचा विचार आहे. आहे ते तोडावं का? तोडायचं तर कामाचा क्रम काय?

ओटा तोडायचा की नाही हे ओट्याकडे बघून ठरवू नका, सांडपाण्याच्या नळाकडे बघून ठरवा. सिंकचे पाणी उतारावर जाते. दर मीटरला सुमारे अडीच सेंटिमीटर उतार धरा. सिंक आजच्या जागेपासून अडीच मीटर सरकवायचे तर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उतार आणि त्यात ५० मिलिमीटरच्या नळाची जाडी. म्हणजे ११ ते १२ सेंटिमीटर जागा नळाला मिळायला हवी. भिंतीलगत कपाटांच्या मागून ती मिळत असेल तर काम सोपे. फरशीखालून न्यायचा असेल आणि तिथे तेवढी भर नसेल, तर उतार कमी पडतो. मग चिकट पाणी नळात साचते, थर धरते आणि वर्ष-दीड वर्षात सिंक तुंबायला लागते. स्लॅब कोरून उतार काढू देतो असे कोणी म्हणाले तर त्याला सरळ नाही म्हणा.

खिडकीखाली सिंक असताना आणखी एक गोष्ट बघा. झडप आत उघडत असेल तर ती नळाच्या मानेला आपटते. खिडकीची खालची कड ओट्यापासून किती वर आहे ते मोजा आणि मगच नळाची उंची ठरवा.

सिंक आहे तिथेच ठेवणार असाल तर बिल्डरचा ओटा राहू द्या, त्याखाली कपाटे बसवा, पैसे वाचवा. पण तेव्हाही तीन गोष्टी भिंतीत आत्ताच घालून घ्या : डिशवॉशरसाठी पाण्याची तोटी आणि सांडपाण्याचे तोंड, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा पॉइंट, आणि पुरेसे विजेचे पॉइंट. पॉइंट आत्ता बुजवून ठेवला तरी चालतो. टाइल्स लागल्यावर तोच पॉइंट काढायचा तर भिंत खोदणे, टाइल फोडणे, तशीच टाइल शोधणे आणि न सापडणे, असा प्रवास होतो.

विजेचे गणित सोपे आहे. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचा एक सर्किट सुमारे ३६८० वॉट झेपवतो. मायक्रोवेव्ह १३००, किटली २०००, एकत्र ३३०० : चालले. त्यात टोस्टरचे ८०० मिळवले की ४१०० : भार क्षमतेबाहेर गेला, आणि एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच, पडू शकतो. म्हणून ओव्हन, डिशवॉशर आणि गीझर यांना प्रत्येकी स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. १६ अँपिअरच्या पॉइंटला किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. चार चुलींच्या मोठ्या इंडक्शनला ७ किलोवॉटपर्यंत वीज लागू शकते. त्यासाठी ६ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन लागते आणि आधी घराला मंजूर झालेला वीजभार तेवढा आहे का ते पाहावे लागते. सर्व पॉइंटना ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक यंत्र, म्हणजे आरसीसीबी, असू द्या. ओट्यावरचे पॉइंट सिंकपासून दूर आणि शेगडीच्या बरोबर मागे अजिबात नको.

तोडायचे ठरलेच तर क्रम असा : कागदावर आराखडा आणि यंत्रांची मापे, तोडफोड, नळ आणि वायरिंग, नळांना टोप्या लावून दाबाची चाचणी, पाणीरोधक थर, प्लॅस्टर, टाइल्स, ओटा, त्यानंतर कपाटांचे अंतिम माप, आणि सर्वांत शेवटी कपाटे. दाबाच्या चाचणीच्या वेळी प्लंबर घाई करतो, कारण गवंडी खोळंबलेला असतो. पंपाचा काटा रात्रभर हलला नाही तरच भिंत बुजवू द्या.

सर्वांत महाग पडणारी चूक मापाच्या वेळेची. उघड्या विटांच्या वेळी दोन भिंतींमध्ये २४० सेंटिमीटर भरले म्हणून कपाटे तेवढ्याचीच सांगितली. मग प्लॅस्टर आणि टाइल मिळून प्रत्येक भिंत दोन-अडीच सेंटिमीटर आत आली. जागा उरली २३५ आणि कारखान्यातून आलेली कपाटे २४०. शेवटचे कपाट कापले जाते आणि त्याची पट्टी मारलेली कड जाऊन कच्ची कड उघडी पडते. तयार भिंतीवरच माप घ्या, तेही जमिनीजवळ, ओट्याच्या उंचीवर आणि वर, अशा तीन ठिकाणी. तिन्हींतले सर्वांत कमी तेच खरे. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला गुण्या लागत नाही : एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर. तिरकस अंतर बरोबर ५ फूट आले पाहिजे. न आल्यास आणि भिंतीलगत ट्रॉली येणार असल्यास ५ सेंटिमीटरची भरणीची पट्टी हवीच, नाहीतर ट्रॉली बाहेर येताना दाराच्या चौकटीला अडते.

प्रश्न : काटकसर कुठे करावी? सुतार म्हणतो सगळं मरीन प्लायमध्येच करा, दुकानदार म्हणतो पार्टिकल बोर्डला काही होत नाही.

दोघेही अर्धे खरे सांगतात, आणि दोघांचेही अर्धे त्यांच्या सोयीचे आहे.

पार्टिकल बोर्ड लॅमिनेटच्या पृष्ठभागातून पाणी पीत नाही. तो पितो कापलेल्या कडेतून आणि नळासाठी पाडलेल्या भोकातून. एकदा फुगला की सुकल्यावर पुन्हा बसत नाही. त्यामुळे प्रश्न कोणता बोर्ड हा नाही, कोणत्या जागी कोणता हा आहे. सिंकखालचे कपाट, डिशवॉशरच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या आणि जमिनीलगतचे तळ यांना मरीन प्लाय. वरची कपाटे आणि शेगडीपासून दूरची कोरडी कपाटे यांना ओलाव्याला टिकणारा घट्ट दाबलेला बोर्ड चालतो, ज्याला बाजारात एचडीएचएमआर म्हणतात. साधा पार्टिकल बोर्ड वापरायचाच तर फक्त वरच्या कपाटांत, आणि चारही कडांना पट्टी मारून, दिसणाऱ्या कडेला तेवढी नव्हे. मागच्या, न दिसणाऱ्या कडेची पट्टी वाचवण्याची सवय सर्वत्र आहे. बसवण्यापूर्वी कपाट उलटे करून बघा. सिंकखाली नळासाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला सिलिकॉन फिरवून घ्या. ते पाच मिनिटांचे काम आहे.

सांगाडा १८ मिलिमीटरचा, पाठ ६ ते ८ मिलिमीटरची. कपाटे मागे भिंतीला टेकवून फळीऐवजी भिंतच पाठ समजू नये. पाठ नसली की सांगाडा काटकोनात राहत नाही आणि शटर कधीच सरळ बसत नाहीत.

सुताराने किती शीट मागितल्या ते तपासता येते. ६० सेंटिमीटर रुंदीच्या खालच्या एका कपाटाला दोन बाजू, तळ, वरच्या दोन पट्ट्या आणि एक फळी मिळून सुमारे दीड चौरस मीटर बोर्ड लागतो. ८ बाय ४ फुटांची शीट जवळपास ३ चौरस मीटरची. म्हणजे कापणीतली नासाडी धरून एका शीटमध्ये दोनच्या आतबाहेर. तशा सात कपाटांना सांगाड्याच्या चार शीट, फार तर पाच. आठ मागितल्या तर यादी मागा. शटरचे वेगळे : ७२ बाय ६० ची सहा शटर एका शीटमधून बेताबेताने निघतात. सातव्यासाठी नवी शीट फोडावी लागते. अशा वेळी एक कपाट शटरऐवजी उघडे ठेवायचे का, याचा विचार मोजूनमापून करता येतो.

काटकसर शटरवर करा. साधे मॅट लॅमिनेट, एक मिलिमीटर जाडीचे, वर्षानुवर्षे टिकते. चकचकीत ॲक्रिलिकवर ओरखडे उठतात आणि किंमत बरीच जास्त असते. काचेची शटर, आतले दिवे, कोपऱ्यातली गोल फिरणारी यंत्रणा यांतले काहीही नंतर बसवता येते. कोपऱ्यातल्या यंत्रणेबद्दल तर आमचे स्पष्ट मत आहे : जितके पैसे घेते तितकी जागा देत नाही. क्वचित लागणारी मोठी भांडी तिथे साध्या फळीवर ठेवा.

चॅनल आणि बिजागऱ्यांवर मात्र हात आखडू नका. जड भांड्यांच्या रुंद ट्रॉलीला ४० ते ५० किलो वजन झेपणारे चॅनल घ्या, चमच्यांच्या खणाला हलके चालेल. सगळीकडे एकाच दर्जाचे लावण्यापेक्षा हे स्वस्त पडते. सिंक घेताना ३०४ दर्जाचे स्टील आणि १ मिलिमीटर जाडी बघा. पातळ सिंक पाणी पडताच वाजते आणि गरम भांड्याने वाकते.

प्रश्न : सेल लागलाय. ताबा चार महिन्यांनी आहे, पण चिमणी, शेगडी, ओव्हन आत्ताच घेऊन ठेवावं का?

मॉडेल आत्ता ठरवा, खरेदी नंतर करा. वॉरंटी बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून सुरू होते, यंत्र खोक्यात असले तरी. कपाटे बनवायला यंत्र लागत नाही, त्याचा मापांचा तक्ता लागतो.

तक्त्यात बघायचे ते असे. बिल्ट-इन ओव्हनला साधारण ५६ ते ६० सेंटिमीटरची खोबण आणि मागे हवा खेळायला फट. डिशवॉशर ६० सेंटिमीटर रुंद आणि दगडाच्या खालच्या बाजूपर्यंत किमान ८२ सेंटिमीटर मोकळे. बिल्डरचा ओटा बुटका असेल तर इथेच गाडी अडते. शिवाय यंत्र आत सरकवल्यावर त्याच्यापुढे उंच फरशी घातली तर ते पुन्हा बाहेर निघत नाही. फ्रिज ओट्यापेक्षा बहुधा १० सेंटिमीटर तरी पुढे येतो आणि आतले खण पूर्ण बाहेर काढायला दार काटकोनाच्या पुढे उघडावे लागते. म्हणून तो भिंतीला चिकटवू नका.

चिमणीची क्षमता स्वतः काढा. खोली ३ मीटर लांब, अडीच रुंद, २.८ उंच असेल तर आत २१ घनमीटर हवा. ती तासाला किमान १० ते १५ वेळा बदलायला हवी. १२ धरले तर सुमारे २५० घनमीटर. जाहिरातीतले हजार-बाराशे नळी न जोडता मोजलेले असू शकतात, आणि प्रत्येक वळणाने ओढ कमी होते. मोठ्या आकड्यापेक्षा १५ सेंटिमीटर व्यासाची सरळ, आखूड नळी जास्त काम करते. गॅसच्या शेगडीपासून चिमणी ६५ ते ७५ सेंटिमीटर वर. नेमके अंतर तिच्या पुस्तिकेत दिलेले असते.

प्रश्न : पैसे अर्धेच आहेत. अर्धं स्वयंपाकघर करून राहायला जाता येईल का?

येईल, आणि बरेचदा ते जास्त चांगले होते, कारण दोन-तीन महिने तिथे वावरल्यावर कोणता खण कुठे हवा ते कळते.

पहिल्या टप्प्यात जे भिंतीत आणि फरशीत जाते ते सगळे : नळ, वायरिंग, चिमणीचे भोक, टाइल्स, ओटा, सिंक. दुसऱ्या टप्प्यात येणाऱ्या वरच्या कपाटांच्या दिव्यांची वायरही आत्ताच ओढून ठेवा. खाली सिंकचे कपाट आणि ट्रॉल्यांचे एक कपाट तेवढे बनवा. बाकी ओट्याखाली मोकळे ठेवून पडदा लावा किंवा चाकांच्या रॅक ठेवा. वरची कपाटे पूर्णपणे पुढे ढकला. भिंत पोकळ विटांची किंवा हलक्या ठोकळ्यांची असेल तर कपाटे कशाला टांगायची ते मात्र गवंड्याला आत्ताच विचारा. साधे बोल्ट तिथे धरत नाहीत.

दोन वस्तू जास्तीच्या आणून ठेवा. लॅमिनेट, दुसऱ्या टप्प्याला पुरेल एवढे, कारण वर्षभराने तोच क्रमांक मागितला तरी छटा वेगळी येते किंवा तो बंद झालेला असतो. आणि टाइल्सचे एक बंद खोके. टाइल्स मागवताना क्षेत्रफळावर १० टक्के नासाडी धरतातच, हे खोके त्याशिवाय. लॅमिनेटच्या शीट उभ्या टेकवून ठेवल्या की वाकतात, आडव्या ठेवा.

प्रश्न : ठेकेदार ७० टक्के आगाऊ मागतोय. द्यावेत का? काम वाढलं तर भांडण कसं टाळायचं?

सुतार जागेवर काम करणार असेल तर ७० टक्क्यांना कारण नाही. सही झालेल्या आराखड्यावर १०, बोर्ड आणि हार्डवेअर घरात आल्यावर ४०, सांगाडे उभे राहिल्यावर २५, शटर-ट्रॉल्या लागल्यावर १५ आणि उरलेले १० वापर सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी. कारखान्यात बनणारी कपाटे तुमच्याच मापाची असतात, दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत, म्हणून तिथे आगाऊ रक्कम जास्त मागतात आणि ते समजण्यासारखे आहे. तेव्हा पैसे देण्यापूर्वी प्रत्येक कपाटाच्या मापासह आराखडा, बोर्डाची जात आणि जाडी, लॅमिनेटचा क्रमांक, चॅनलचे मॉडेल आणि पोचवण्याची तारीख हे एकाच कागदावर घ्या आणि त्यावर दोघांच्या सह्या. शेवटचा हप्ता मात्र इथेही बसवणुकीनंतरच.

वाढीव काम तोंडी सांगू नका. "इथे एक फळी टाकून द्या हो" हे वाक्य शेवटच्या बिलात भलत्याच रूपात परत येते. सुरुवातीलाच वाढीव कामाचे दर लिहून घ्या : एक फळी, एक ट्रॉली, एक विजेचा पॉइंट, दगडातले एक भोक. मग प्रत्येक वाढ मेसेजवर लिहून कळवायची, रक्कम कबूल झाल्यावरच काम. पहिल्या उत्तरात 'कशालाच नाही' म्हणून राखून ठेवलेले १० टक्के तुमच्याकडे आहेत हे ठेकेदाराला सांगायचे कारण नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी घरात एक फेरी मारा. प्रत्येक ट्रॉली भांड्यांनी भरून पूर्ण बाहेर ओढा, ती पुढून झुकता कामा नये. सगळी शटर उघडून अर्ध्यावर सोडा, आपोआप फिरली तर सांगाडा ओळंब्यात नाही. सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरा, बूच काढा आणि खालच्या कपाटात नळाच्या प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरा. चिमणी चालू करून तिच्या जाळीला वर्तमानपत्राचा तुकडा लावा, तो चिकटून राहायला हवा. सगळी यंत्रे एकदम सुरू करून दहा मिनिटे थांबा. एमसीबी पडला तर वायरमन घरातून जाण्याआधी पडलेला बरा.